मशीन नंतर घ्या, आधी वही घ्या: फेशियलच्या आधी त्वचा कशी तपासायची



फेशियलचा व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, स्किन अ‍ॅनालायझर मशीन घेऊ का? एक्स्पोमध्ये ऑफर चालू आहे." विचारणारी बहुतेक वेळा दोन खुर्च्यांचं पार्लर चालवणारी असते आणि हप्त्याचं गणितही करून आलेली असते. माझं उत्तर दरवेळी तेच असतं. आत्ता नको. आधी एक शंभर पानी वही घ्या.

काही जणींना याचा राग येतो. त्यांना वाटतं, मॅडम आम्हाला छोटंच ठेवायला बघतात. पण इथे पैशाचा प्रश्न दुसरा आहे, पहिला नाही. मशीन काय दाखवतं? या क्षणी चेहऱ्यावर तेल किती, ओलावा किती, डाग कुठे. तुमच्यासमोर बसलेली ताई घरी कोणती ट्यूब चोळते, कसली गोळी घेते, मागच्या रविवारी दुसरीकडे ब्लीच करून आली का, हे कुठल्याच मशीनला दिसत नाही. आणि मी जेवढे बिघडलेले चेहरे पाहिलेत, ते याच न दिसणाऱ्या गोष्टींनी बिघडलेत. ते कळण्याचा एकच मार्ग, विचारणं. विचारायला मशीन लागत नाही, सवय लागते. आणि थोडं धाडसही लागतं, कारण उत्तर ऐकल्यावर कधीकधी "आज नाही करणार" म्हणावं लागतं.

आता आपल्याकडे तपासणी म्हणून काय चालतं ते बघा. ग्राहक बसली, टॉवेल लावला, गालावरून एक बोट फिरवलं. "ताई, ऑयली आहे हो तुमची. गोल्ड करू की डायमंड?" याला मी तपासणी म्हणत नाही, ही किटची विक्री झाली. दोन्हीला एकच वाक्य पुरतं म्हणून आपल्याला ते एकच वाटतं, एवढंच.

कोर्समध्ये पाच प्रकार शिकवले जातात: नॉर्मल, कोरडी, तेलकट, मिश्र आणि संवेदनशील. ते पाठ असायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण गोंधळ इथे होतो की, प्रकार वेगळा आणि आजची अवस्था वेगळी. प्रकार बराचसा जन्माचा असतो. अवस्था मात्र मोसमाप्रमाणे, पाण्याप्रमाणे, वयाप्रमाणे, औषधाप्रमाणे बदलते. तीच मुलगी नागपुरात मे महिन्यात वेगळी दिसेल आणि जुलैत रत्नागिरीला वेगळी. तेलकट त्वचेतही पाणी कमी असू शकतं. तेल चमकतंय, पण धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतोय, अशा किती तरी जणी येतात. त्या बिचाऱ्या दिवसातून पाच वेळा फेसवॉशने तोंड धुतात, आपण त्यांना "ऑयली" म्हणून अजून कडक क्लीन्झर लावतो आणि वर स्क्रब घासतो. त्वचा अजून चिडते, मग ती म्हणते, तुमच्याकडचं फेशियल मला सूट होत नाही. बरोबरच म्हणते.

नीट बघायचं असेल तर चेहरा सौम्य क्लीन्झरने धुवून काही न लावता अर्धा तास ठेवायचा. मग साधा टिश्यू कपाळ, नाक, हनुवटी, गाल असा वेगवेगळा दाबायचा. कुठे डाग उमटतो ते बघायचं. पार्लरमध्ये अर्धा तास कोण थांबणार, हे मलाही कळतं. म्हणून तो अर्धा तास तिच्या घरातून मागून घ्यायचा. विचारा, "सकाळी तोंड धुतल्यावर काहीच लावलं नाही तर तासाभराने कसं वाटतं? ओढतं, चिकट होतं, की फक्त नाकाकपाळावर चिकट?" या एका प्रश्नात निम्मं काम होतं.

उजेडाचंही तेच. रिंग लाइट आणि गुलाबी एलईडी रीलसाठी ठेवा. त्या उजेडात लालसरपणा लपतो, वांग फिकट दिसतो. चेहरा बघायचा तो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मेकअप पूर्ण काढून. पार्लर तळघरात असेल तर एक साधी पांढरी ट्यूबलाइट खुर्चीच्या समोर लावा, डोक्यावर नको.

आणि रंग? "तुमचा स्किन टाइप फोर आहे" असं सांगायची फॅशन आलीय, कारण लेझरवाल्यांच्या कोर्समध्ये फिट्झपॅट्रिक स्केल शिकवतात. हे मोजमाप कशासाठी बनलं ते माहीत असू द्या. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ते मांडलं, किरणांच्या उपचारात कुणाला किती डोस द्यायचा हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला ते गोऱ्या कातडीसाठीच होतं. पाच आणि सहा हे सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. त्याचा मूळ प्रश्न असा की, उन्हात गेल्यावर त्वचा भाजते की काळवंडते. आपल्याकडच्या बहुतेक बायका चार-पाचमध्ये येतात, काही तीनमध्ये. म्हणजे शंभरातल्या बहुतेक ग्राहकांना तुम्ही एकाच कप्प्यात टाकणार. लेझर करताना तो आकडा लागतोच. फेशियल, पील, वॅक्सच्या कामाला मात्र माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त उपयोगी आहे: "पिंपल किंवा डास चावून गेल्यावर काळा डाग किती दिवस राहतो?"

कारण आपल्या त्वचेची खरी अडचण भाजण्याची कमी, डाग राहण्याची जास्त आहे. जखम छोटी, पण तिच्यानंतर रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि डाग महिनोन् महिने जात नाही. जी म्हणते, "अहो, माझा तर डास चावलेला डागसुद्धा चार महिने राहतो," तिच्या चेहऱ्यावर तुमचं गरम वॅक्स, जास्त वेळ ठेवलेलं ब्लीच किंवा जोरात काढलेले ब्लॅकहेड्स हे सगळं डाग होऊन बसणार. तिला तुम्ही उजळ करायला घेतलं आणि ती जास्त काळी होऊन गेली, असं होतं ते यामुळे. तिच्यासाठी प्रत्येक गोष्ट एक पायरी सौम्य आणि एक मिनिट कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. यासाठीच मी ती वही घ्यायला सांगते.

"घरी चेहऱ्याला काय लावता?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही हो, साधं क्रीम." तिथे थांबू नका. "ट्यूबचा फोटो आहे का? नसेल तर घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप करा, मग आपण अपॉइंटमेंट पक्की करू." फोटो आला की रंगीत खोका बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव असलं तरी ते स्टेरॉइड आहे. शेजारणीने सांगितलं, मेडिकलवाल्याने दिलं, आठ दिवसांत चेहरा उजळला, मग वर्षभर लावलं. ही गोष्ट गावात, शहरात, कॉलेजच्या मुलीत, आजीत, सगळीकडे सारखीच आहे. अशा चेहऱ्याला आपल्या देशातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी नावच दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरमं येतात, गालावर लव वाढते. आणि क्रीम बंद केलं की सगळं एकदम उफाळून येतं, म्हणून ती बंद करू शकत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात काय चालतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता.

अशा चेहऱ्यावर ब्लीच, पील, डीटॅन, वाफ काहीही करू नका. आणि "आजपासून ते क्रीम बंद करा" असंही सांगू नका, कारण एकदम बंद केल्यावर जे होतं ते सांभाळणं आपलं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. जवळचे एक-दोन चांगले डॉक्टर माहीत करून ठेवा, त्यांचा नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बिनलेबलच्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमचं तर विचारूच नका. प्लास्टिकच्या पांढऱ्या डबीत येतात त्या. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांच्या किडनीला त्रास झाल्याची आणि त्यांच्या फेअरनेस क्रीममध्ये पारा सापडल्याची बातमी सगळीकडे आली होती. तुमच्या काउंटरवर अशी डबी असेल तर आजच काढा. त्यात मार्जिन चांगलं मिळतं, हे मला माहीत आहे.

पुढचा प्रश्न गोळ्यांचा. पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर चेहऱ्याला वॅक्स नाही. बंद करून सहा महिने होईपर्यंत नाही. त्वचा इतकी नाजूक झालेली असते की पट्टीबरोबर वरचा थर निघून येतो. रात्री रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांचंही थोड्या फरकाने तेच. तिथे वॅक्स आणि स्क्रबच्या आधी आठवडाभर ते थांबलेलं असलं पाहिजे, आणि डॉक्टरांनी दिलेलं असेल तर थांबवायचं की नाही हे त्यांनाच विचारून. हल्ली इन्स्टाग्राम बघून कॉलेजच्या पोरी रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ग्लायकॉलिक सगळं एकावर एक लावतात आणि आपल्याकडे येऊन "फक्त अप्पर लिप्स करा" म्हणतात. फक्त अप्पर लिप्सवरच कातडी सोललेली मी किती तरी वेळा पाहिलीय. आयब्रो-अप्पर लिप्ससाठी कोण विचारतं, असं वाटतं ना? तिथेच विचारायचं.

मधुमेह, गरोदरपण, नागिणीचा किंवा ओठावरच्या फोडांचा इतिहास, हेही विचारा आणि लिहा. यात तुम्ही डॉक्टर व्हायचं नाहीये, फक्त कुठे हात लावायचा नाही ते कळायला हवं.

डोळ्यांनी दिसणाऱ्या काही गोष्टी मात्र बारकाईने बघायला शिका, कारण त्यावर आपण सगळ्यात जास्त चुकीचे पैसे घेतो. एक, मान. "ताई, मानेला डीटॅन करा ना, किती काळी झालीय." हात लावून बघा. नुसती काळी आहे, की जाडसर, मखमलीसारखी लागते? काखेतही तशीच आहे? मग ते टॅनिंग नाही आणि मळ तर अजिबात नाही. बऱ्याचदा हे वजन, इन्सुलिन आणि साखरेशी जोडलेलं असतं, पीसीओएसच्या मुलींमध्ये खूप दिसतं. कितीही घासा, जाणार नाही. उलट घासून जास्त काळं होईल. पाच सिटिंगचं पॅकेज विकण्याऐवजी हळूच, बाकीच्यांसमोर नाही, एवढं सांगा: "हे वरून जाणारं वाटत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवून साखर तपासून घ्या." हे ऐकून एखादीला लवकर निदान झालं तर ती आयुष्यभर तुम्हाला विसरणार नाही.

दुसरं, वांग. दोन्ही गालांवर, नाकावर, कपाळावर सारखे तपकिरी डाग. ऊन, बाळंतपण, हार्मोनच्या गोळ्या यांच्याशी त्याचं नातं असतं आणि उष्णतेनेही ते वाढतं. म्हणजे तिला दहा मिनिटं वाफ द्यायची नाही, चोळून मसाज करायचा नाही. "वांग घालवतो" असा बोर्ड लावलेली पार्लर मी पाहिलीत. तो बोर्ड काढा म्हणते मी. वांग दबतो, परत येतो, आणि त्याचा उपचार आपल्या हातातला नाही.

तिसरं, टिकलीची जागा. कपाळाच्या मधोमध खाज, काळपट डाग किंवा पांढरा ठिपका दिसला तर टिकलीच्या गोंदाचा किंवा कुंकवाचा संशय घ्या. तिथे ब्लीच लावून रंग सारखा करायला जाऊ नका. टिकली बंद करायला सांगा आणि दाखवायला पाठवा. तसंच फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कमी कळतो असं ती म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टर. गजकर्ण, शिबं यांचंही तेच, फक्त त्यात तुमचा टॉवेल आणि भांडीसुद्धा वेगळी करायची.

"मॅडम, एवढं विचारत बसलो तर शनिवारी गर्दी कशी उरकायची?"

नेहमीचा प्रश्न. पूर्ण विचारणं फक्त पहिल्या वेळी. दहा मिनिटं. ग्राहकाचं नाव, तारीख, वर सांगितलेली उत्तरं, तुम्ही काय केलं, कोणत्या कंपनीचं प्रॉडक्ट किती वेळ ठेवलं, तिला काय वाटलं. पुढच्या वेळी एकच वाक्य: "मागच्या वेळेनंतर काही नवीन क्रीम, गोळी, ट्रीटमेंट?" पंधरा सेकंद. आणि शनिवारी नवीन ग्राहकाला ब्लीच किंवा पील करायचंच नाही, तिला मंगळवारची वेळ द्यायची. शनिवारी थ्रेडिंग आणि केस.

पॅच टेस्टही याच कारणासाठी आधीच्या भेटीत बसवायची. ब्लीच, पील, हेअर कलर यांची थोडी मात्रा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास बघायचं. हेअर कलरच्या खोक्यावर ४८ तास छापलेलेच असतात, पण खोका उघडल्या उघडल्या कचऱ्यात जातो. लग्नाची नवरी तर दोन दिवस आधी येते आणि म्हणते सगळंच करा. हळदीच्या आदल्या दिवशी नवीन पील, नवीन ब्लीच, नवीन कंपनीचं फेशियल करायचं नाही म्हणजे नाही. तिच्या आईने कितीही आग्रह केला तरी. "काकू, आज साधं क्लीनअप आणि मसाज करते. काही नवीन लावलं आणि उद्या चेहरा लाल झाला तर फोटोत तोच राहील." काकूंना फोटो म्हटलं की पटतं.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी दुकान चालवायचंय. समजा तुम्ही एका ताईला १,२०० रुपयांचं फेशियल नाकारलं. त्या दिवशी गल्ल्यात १,२०० कमी पडले, हे खरं. पण तीच ताई थ्रेडिंग, वॅक्स, केस यासाठी महिन्याला ८०० रुपये देत असेल तर वर्षाचे ९,६०० होतात. चेहरा भाजला तर १,२०० परत द्यायचे, ९,६०० जायचे, आणि तिची बहीण, जाऊ, सोसायटीतल्या चौघी हा हिशोब वेगळाच. छोट्या गावात तर एका भाजलेल्या चेहऱ्याची बातमी बाजारच्या दिवशी सगळीकडे पोचते.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यायचे का? यावर माझं मत बऱ्याच ट्रेनरना पटत नाही. मी म्हणते, घ्या. १०० रुपये, फेशियल केलं तर त्यातून वजा. फुकट दिलेल्या दहा मिनिटांत तुमच्या मनावर विक्रीचं ओझं असतं, कारण ती दहा मिनिटं वसूल करायची असतात. पैसे घेतले की "आज काही करू नका" हेही सांगता येतं आणि कुणाचंच नुकसान होत नाही. ग्राहकही उत्तरं खरी देते, कारण तिने त्यासाठी पैसे मोजलेत. सुरुवातीला दोन-तीन जणी कुरकुर करतील. करू द्या.

नोकरीवर मुली ठेवल्या असतील तर आणखी एक. त्यांना फेशियलच्या विक्रीवर कमिशन देत असाल तर त्या तपासणीत कधीच "नको" लिहिणार नाहीत. त्यांनाही घर चालवायचंय. नाकारलेल्या ग्राहकाच्या कार्डावर नोंद बरोबर असेल तर तिलाही थोडे पैसे द्या. पन्नास का असेना. हे करणारी पार्लर मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत, पण तिथल्या मुली टिकतात.

वही ड्रॉवरमध्ये, कुलपात. ग्राहकाच्या गोळ्या, पाळी, बाळंतपण हे सगळं त्यात असतं. ते बाकी ग्राहकांना दिसता कामा नये, आणि आधी-नंतरचे फोटो तिने लेखी हो म्हटल्याशिवाय स्टेटसला टाकायचे नाहीत. वही भरली, दोनशे-अडीचशे ग्राहक झाले, त्यात पील आणि लेझरची मागणी खरंच दिसायला लागली, की मग मशीनचं बोलू. तेव्हा कोणतं घ्यायचं हे तुमची वहीच सांगेल.

पुढच्या व्हिडिओत मी एक पान प्रत्यक्ष भरून दाखवणार आहे, स्टेरॉइड लावणाऱ्या ग्राहकाशी बोलायचं कसं त्यासकट. तोपर्यंत तुमच्या भागात चिठ्ठीशिवाय कोणत्या ट्यूब सर्रास विकल्या जातात ते खाली लिहा, दुकानाचं नाव नको, फक्त मागचं बारीक अक्षर.